फुप्फुसांच्या आजारात पुढचे आधीच ठरवताना

मला इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला आयपीएफ, हा आजार आहे. या आजारात फुप्फुसांच्या नाजूक ऊतीत तंतू साठत जातात, फुप्फुसे ताठर होतात आणि प्राणवायू हवेतून रक्तात उतरणे दिवसेंदिवस कठीण होत जाते. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या दोन औषधांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १५ ऑक्टोबर २०१४ या एकाच दिवशी या आजारासाठी मान्यता दिली. ती आजाराचा वेग कमी करतात, परंतु झालेले नुकसान भरून काढत नाहीत. त्यापलीकडे फुप्फुस प्रत्यारोपणाचा मार्ग उरतो. माझे वय, मूत्रपिंडांची स्थिती आणि हाडांची ठिसूळता पाहून तो माझ्यासाठी नाही, असे संबंधित डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. ही पार्श्वभूमी एवढ्यासाठी दिली, की तब्येत बिघडल्यास कोणते उपचार घ्यायचे आणि कोणते नाही, याचे पुढे सांगितलेले निर्णय या आजाराचे आणि माझ्या परिस्थितीचे आहेत. प्रत्यारोपणाच्या यादीत असलेल्या रुग्णाने व्हेंटिलेटरबद्दल माझ्यासारखे ठरवले, तर ते त्याच्यासाठी सर्वस्वी चुकीचे ठरू शकेल.

विषय माझ्या छातीच्या डॉक्टरांनी काढला. सहा महिन्यांपूर्वीच्या तुलनेत माझी एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर टाकता येणारी हवा, दहा टक्क्यांहून अधिक घटली होती आणि एवढी घट ही आजार पुढे सरकल्याची खूण मानली जाते. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण, ८८ टक्क्यांच्या खाली जाऊ लागले होते. तरीही बसल्या जागी मला फारसा त्रास नव्हता, चेहराही बरा दिसत असावा. डॉक्टर म्हणाले, “आज तुमची तब्येत स्थिर आहे, म्हणूनच आज विचारतो. ती एकदम बिघडली तर काय करायचं आणि काय नाही, यावर घरात कधी बोलणं झालंय का?” शेजारी बसलेल्या माझ्या पतींनी ताबडतोब उत्तर दिले, की तसे काही होणार नाही. डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे खोडले नाही. पुढच्या भेटीला मुलीलाही घेऊन या, एवढेच सांगितले.

स्थिर असतानाच हा विषय का काढायचा, याचे कारण त्यांनी नंतर सविस्तर समजावले. काही आजारांत उतरण बऱ्यापैकी आधी दिसते आणि शेवटचे महिने ओळखू येतात. फुप्फुसांच्या आजारांत तसे होत नाही. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या, रुग्णाला दम्यासारखा जोराचा झटका येतो, तो रुग्णालयातून घरी परततो, पण पूर्वीच्या पातळीवर परत येत नाही. असे अनेकदा घडते आणि त्यांपैकी शेवटचा झटका कोणता, हे तो होऊन गेल्यावरच कळते. आयपीएफमध्ये संथ उतरण चालू असतानाच अचानक, अवघ्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत, आजार उसळू शकतो. त्याला ‘अक्यूट एक्झॅसरबेशन’ म्हणतात आणि अशा उसळीनंतर साधारण निम्मे रुग्ण तीन ते चार महिन्यांतच दगावतात, असे आढळले आहे. दुसरे कारण अगदी व्यावहारिक आहे. ज्याला धाप लागली आहे तो सलग चार शब्द बोलू शकत नाही. रक्तात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झाला, तर विचारही धूसर होतो. अशा वेळी कोणी कानाशी येऊन व्हेंटिलेटरसाठी “घशात नळी घालू का?” असे विचारले, तर दिलेल्या उत्तराला निर्णय म्हणणे अवघड आहे, ती त्या क्षणाच्या भीतीची प्रतिक्रिया असते.

मी नोकरीची सगळी वर्षे लेखापरीक्षणात काढली. त्यामुळे सुरुवातीला मला वाटले, की एक नमुना फॉर्म मिळेल, हो-नाहीच्या चौकटी भरायच्या आणि सही करायची. डॉक्टरांनी फॉर्म दिला नाही. त्यांनी मला पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टर बाईंकडे पाठवले. हे नाव ऐकूनच माझे पती खचले, कारण ही सेवा शेवटच्या काही दिवसांसाठीच असते, असा त्यांचा समज होता. ती नेहमीच्या उपचारांच्या जोडीने, आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर देता येते आणि त्रास कमी करणे हेच तिचे काम असते, हे त्यांना पटायला काही भेटी जाव्या लागल्या.

त्या डॉक्टर बाईंनी पहिल्या बैठकीत कोणत्याही यंत्राचे नाव काढले नाही. आजाराबद्दल मला काय कळले आहे, हे त्यांनी आधी माझ्याच तोंडून ऐकून घेतले. मग विचारले, की पुढच्या काळात काय करता येत राहावे असे वाटते, कशाची सर्वांत जास्त भीती वाटते आणि कोणती अवस्था अशी आहे, की त्या अवस्थेत केवळ जिवंत राहणे तुम्हाला मान्य नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला लगेच सुचले: बोलता येणे आणि समोरच्याचे बोलणे समजणे. हिंडणे-फिरणे गेले तरी चालेल, अंथरुणावर दुसऱ्याच्या हातून सगळे करून घ्यावे लागले तरीही मी निभावून नेईन. पण ज्यांच्यासाठी जगायचे त्यांच्याशी दोन वाक्ये बोलता येत नसतील, आणि ती पुन्हा बोलता येण्याची आशाही नसेल, तर ते जगणे लांबवू नये. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी अडखळले. मला मरणाची भीती तितकी वाटत नव्हती. गुदमरून मरण्याची वाटत होती. रात्री कूस बदलताना नाकातली ऑक्सिजनची नळी निसटली, की जे वाटते ते अखेरीस तासन्‌तास वाटत राहील, अशी माझी समजूत होती.

त्या दिवशीचा बाकीचा वेळ त्यांनी या एकाच मुद्द्यावर खर्च केला. श्वास कोंडल्याची भावना आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा यांचे गणित नेहमी जुळतेच असे नाही. आकडा बरा असूनही माणूस कासावीस होतो आणि आकडा खाली असूनही शांत बसलेला असतो. म्हणून आकड्याचे उपचार वेगळे आणि कासाविशीचे वेगळे. चेहऱ्यावर, विशेषतः नाक आणि गालांवर, छोट्या पंख्याचा झोत घेतल्याने धाप कमी जाणवते. पुढे झुकून कोपर टेबलावर टेकवून बसल्याने श्वासाच्या स्नायूंना आधार मिळतो. कमी मात्रेतल्या मॉर्फीनबद्दल त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या: रोजच्या जुनाट धापेसाठी त्याचा उपयोग किती, यावर अलीकडच्या मोठ्या चाचण्यांतून निर्विवाद पुरावा मिळालेला नाही, मात्र शेवटच्या टप्प्यातील असह्य धापेसाठी ते आणि गरज पडल्यास गुंगीची औषधे दिली जातात व त्यांनी माणूस निवांत होतो. “व्हेंटिलेटर नको म्हटलं म्हणजे तुम्हाला गुदमरत ठेवणार, असं अजिबात नाही,” हे वाक्य त्यांनी माझ्या मुलीकडे पाहून सांगितले. या आश्वासनाआधी मला यंत्रांबद्दल विचारले असते, तर मी भीतीपोटी प्रत्येकाला हो म्हटले असते, अशी माझी खात्री आहे.

मॉर्फीनच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवून ठेवते. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापर सुलभ झाला असला, तरी हे औषध सरसकट कुठल्याही दुकानात मिळत नाही. मुख्यतः मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थाच ते ठेवतात. त्यामुळे आपण ज्या रुग्णालयात जाऊ, तिथे ते मिळते का आणि रात्रीच्या वेळी ते कोण लिहून देऊ शकते, हे आधी विचारून ठेवावे लागते. आम्ही विचारले, आणि एका ठिकाणचे उत्तर ऐकून ते रुग्णालय यादीतून काढले.

यंत्रांची पाळी नंतरच्या बैठकीत आली. प्रत्येक उपायाबद्दल मी तीनच प्रश्न लावून धरले: हे कशासाठी, किती काळ, आणि त्यानंतर काय. माझ्या मते फुप्फुसांच्या आजारात सगळी गोम इथे आहे, कारण ‘व्हेंटिलेटर हवा की नको’ या प्रश्नाला या तीन प्रश्नांशिवाय खरे उत्तरच नाही. सीओपीडीच्या झटक्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून रक्त आम्लधर्मी झाले असेल, तर नाकातोंडावर घट्ट मास्क बसवून दिला जाणारा बायपॅप मृत्यू टाळतो आणि घशात नळी घालण्याची वेळही टाळतो. काही दिवसांत तो काढता येतो. अशा रुग्णाने यंत्रांच्या नावानेच दचकून बायपॅप नाकारला, तर तो चांगला उपाय हातचा घालवतो. आयपीएफच्या उसळीत चित्र उलटे असते. फुप्फुसेच तंतूंनी भरत चालली असतील, तर व्हेंटिलेटर वेळ देतो, पण त्या वेळात बरे होण्यासारखे फारसे काही घडत नाही, आणि नळी घातलेले बहुतेक रुग्ण यंत्रावरून परत येत नाहीत.

परंतु आयपीएफच्या रुग्णाचा श्वास दरवेळी आयपीएफमुळेच बिघडतो असेही नाही, आणि या एका मुद्द्यावर माझा विचार बदलला. न्यूमोनिया होऊ शकतो. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकू शकते. फुप्फुसाला छिद्र पडून छातीच्या पोकळीत हवा साठू शकते. तिथे एक नळी घालून हवा काढली, की श्वास सुटतो. हाड मोडले तर शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागेल. ही कारणे दुरुस्त होण्याजोगी आहेत. म्हणून आम्ही ‘व्हेंटिलेटर नको’ असे सरसकट लिहिले नाही. दुरुस्त होण्याजोगे कारण सापडले असेल किंवा त्याची दाट शक्यता असेल, तर एक आठवड्यापर्यंत व्हेंटिलेटर चालेल. त्या मुदतीत फुप्फुसे सुधारत नसतील, तर गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिऑस्टॉमी करू नये आणि यंत्र काढून आरामाचे उपचार सुरू करावेत. आणि आजाराचीच उसळी असेल, तर नळी मुळातच घालू नये, असे लिहिले. डॉक्टर याला ठरावीक मुदतीची चाचणी म्हणतात. मुदत आधी लिहिलेली असण्याचा फायदा घरच्यांना होतो. सुरू केलेले यंत्र थांबवणे आणि ते सुरूच न करणे यांत वैद्यकीय नीतिशास्त्र फरक मानत नाही, पण खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला तो फरक फार मोठा वाटतो.

हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते सुरू करण्याच्या प्रयत्नाबद्दल, म्हणजे सीपीआरबद्दल, फार बोलावे लागले नाही. अमेरिकेतल्या नोंदींनुसार रुग्णालयातच हृदय थांबलेल्या सर्व प्रकारच्या रुग्णांपैकी साधारण चारात एकच रुग्णालयातून जिवंत बाहेर पडतो, आणि ज्याचे हृदय फुप्फुसे निकामी झाल्याने थांबले आहे त्याच्या वाट्याला तेवढीही आशा नसते. कारण हृदय पुन्हा सुरू झाले, तरी श्वासाचा मूळ प्रश्न तिथेच उभा असतो. मी नको म्हटले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असल्यामुळे डॉक्टरांना ते नोंदवायला आधारही आहे. ऑक्सिजन, प्रतिजैविके, सलाइन, नाकावाटे मिनिटाला साठ लिटरपर्यंत उबदार, दमट हवा आणि ऑक्सिजन देणारा हाय फ्लो या सगळ्यांना होकार दिला. हाय फ्लो नाकात असताना बोलता आणि खाता येते, ही माझ्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू होती. आयसीयू शक्यतो टाळावा, असेही एक वाक्य त्यात होते. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

माझ्या वतीने बोलणार कोण, हा प्रश्न मला वैद्यकीय प्रश्नांपेक्षा अवघड गेला. सर्वांनी गृहीत धरले होते, की पतींचेच नाव येईल. एका संध्याकाळी हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरच्या घरघरीत मी त्यांना सरळ विचारले, की डॉक्टरांनी आता उपयोग नाही असे सांगितले आणि कागदावर ‘नको’ लिहिलेले असले, तर तुम्ही ‘थांबवा’ म्हणू शकाल का. ते बराच वेळ ऑक्सिजनची लांब नळी पायात येऊ नये म्हणून गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “मला विचारशील तर मी सगळं करा म्हणेन. कागदावर काहीही असो.” या प्रामाणिकपणाबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. मुलगा परदेशी असतो. तो फोनवर एवढेच म्हणाला, की मी येईपर्यंत काही ठरवू नका, आणि नेमक्या अशाच वाक्यामुळे माणसे यंत्रावर थांबून राहतात. राहिली मुलगी. ती हळवी आहे, रडते लवकर. पण रडत असतानाही समोरच्याला काय हवे आहे ते विसरत नाही. मी तिचे नाव लिहिले आणि पर्यायी व्यक्ती म्हणून माझ्या धाकट्या भावाचे.

पतींना याचे वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारानंतर असे नाव वगळले जाणे म्हणजे अविश्वास, अशी त्यांची समजूत झाली. डॉक्टर बाईंनी त्यांना वेगळे बसवून सांगितले, की प्रतिनिधीचे काम प्रेम किती आहे हे दाखवण्याचे नसून निरोप जसाच्या तसा पोहोचवण्याचे आहे, आणि ज्याला तो निरोप उच्चारणेच अशक्य आहे, त्याच्यावर ते ओझे टाकणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यांना ते पटले की नाही, हे मी विचारलेले नाही. मात्र पुढच्या बैठकीत त्यांनीच एक प्रश्न काढला, जो आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता: घरी असताना मध्यरात्री धाप लागली आणि वीज गेली तर?

‘शेवट घरीच’ असे मी मोठ्या ठामपणे लिहून ठेवले होते. त्या प्रश्नानंतर तो मुद्दा पुन्हा उघडला. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणजे भरलेले सिलिंडर हाताशी हवे आणि ते जोडता येणारा माणूस रात्री घरात हवा. औषधाची मात्रा वाढवायची तर फोनवर उपलब्ध असलेला डॉक्टर हवा आणि घरी येणारी परिचारिका हवी. मृत्यूनंतरचा दाखला कोण देणार, हेही आधी ठरलेले हवे, नाहीतर घाबरून रुग्णवाहिका बोलावली जाते आणि वाटेतच छाती दाबणे सुरू होते. यांतल्या बऱ्याच गोष्टींची सोय होऊ शकली, सर्वांची नाही. म्हणून वाक्य बदलून ‘शक्यतो घरी, धाप घरच्या औषधांनी आटोक्यात येत नसेल तर रुग्णालयात, आरामाच्या उपचारांसाठी’ असे केले.

कायद्याचा भाग त्यामानाने लवकर उरकला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे लोक ज्याला लिव्हिंग विल म्हणतात त्याला, मान्यता दिली. त्या वेळी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आवश्यक होती. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट जाऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन पुरेसे ठरले. सज्ञान आणि सुबुद्ध व्यक्तीने, कोणाच्याही दबावाशिवाय, दोन साक्षीदारांसमोर सही करायची. साक्षीदार शक्यतो तटस्थ असावेत. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या कायदेशीर पालकाचे (गार्डियनचे) किंवा जवळच्या नातलगाचे नाव त्यात हवे; एकापेक्षा अधिक नावेही देता येतात. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जाते. कधीही मन बदलले, तर ते लेखी मागे घेता येते.

मात्र या कागदाची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे, कारण तो दाखवला की यंत्र लगेच बंद होते, असा अनेकांचा गैरसमज असतो. निर्णय घेण्याची क्षमता रुग्णाने गमावली असेल आणि आजार बरा होण्याची आशा नसेल, तेव्हाच तो लागू होतो. त्यानंतर उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, शक्यतो ४८ तासांत, मत देते. मग दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले डॉक्टर असतात, ते तपासून पाहते. आणि अंमलबजावणीपूर्वी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. याउलट मी शुद्धीवर असेन आणि समजून-उमजून एखादा उपचार नको म्हणत असेन, तर तो नाकारण्याचा माझा हक्क या सगळ्याची वाट पाहत नाही. फुप्फुसांच्या रुग्णाला हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आमच्यापैकी बरेचजण अगदी उशिरापर्यंत शुद्धीवर असतात. फक्त बोलण्यापुरता श्वास नसतो. म्हणून मूळ दस्ताबरोबर मी एका पानाचा सारांश केला: वर आजाराचे नाव, मुलीचा आणि छातीच्या डॉक्टरांचा फोन, खाली काय चालेल, काय नको, किती दिवस. रात्रपाळीचा डॉक्टर चार पाने वाचत बसत नाही, आणि त्याने बसावे अशी अपेक्षाही नाही.

त्या सारांशाची परीक्षा पावसाळ्यात झाली. ताप आला, खोकला वाढला आणि एका रात्री दहा लिटरच्या ऑक्सिजनवरही सॅच्युरेशन ८० च्या आसपास घुटमळू लागले. आमच्या नेहमीच्या रुग्णालयात खाट नव्हती, म्हणून दुसरीकडे जावे लागले. तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मुलीसमोर व्हेंटिलेटरच्या संमतीचा फॉर्म ठेवला. तिने आमचे पान पुढे केल्यावर त्यांनी तो बाजूला सारून दुसरा फॉर्म काढला, ज्यावर उपचार नाकारून रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत असल्याचा मजकूर होता. मुलगी म्हणाली, “आम्ही उपचार नाकारत नाही. आईला ताप आहे, न्यूमोनिया असेल तर तिला व्हेंटिलेटरही चालेल, इथं लिहिलंय. आधी कशामुळं झालंय ते बघा, तोवर हाय फ्लो लावा.” मी हे सगळे ऐकत होते आणि मान हलवण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. डॉक्टरांनी माझ्या छातीच्या डॉक्टरांना फोन लावला, बोलणे झाले, आणि त्यानंतर त्यांची वागणूक पूर्णपणे बदलली. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही; ‘सगळे करा’ आणि ‘घरी न्या’ एवढ्या दोनच वाटा त्यांच्या फॉर्ममध्ये होत्या.

अडचण आमच्या दोन कलमांनीही केली. हाय फ्लो चालेल असे एकात होते आणि आयसीयू टाळावा असे दुसऱ्यात. त्या रुग्णालयात हाय फ्लोचे यंत्र फक्त आयसीयूत होते. मुलीने क्षणभर विचार करून आयसीयूला होकार दिला. सीटी स्कॅनमध्ये गुठळी दिसली नाही, एका बाजूला न्यूमोनिया दिसला, प्रतिजैविके लागू पडली. मधल्या एका रात्री बायपॅप लावून पाहिला. मास्कच्या पट्ट्या गालात रुतत होत्या, हवेचा झोत डोळ्यांत जात होता आणि मला पाणी हवे आहे हे सांगण्यासाठी वहीत लिहावे लागत होते. लिहिलेले वाचायला मुलगी मात्र दाराबाहेर होती, कारण भेटीची वेळ संपली होती. नळी घालावी लागली नाही. मी घरी आले, पण पूर्वी पाच लिटरवर भागत होते तिथे आता आठ लागतात.

त्यानंतर आम्ही दस्तातील तीन गोष्टी बदलल्या. आयसीयूचे वाक्य काढले. तिथे काय करायचे आणि काय नाही हे लिहिलेले असताना खोलीच्या नावाला विरोध करण्याचे कारण उरले नव्हते. बायपॅपबद्दल पूर्वी काहीच लिहिले नव्हते. आता दुरुस्त होण्याजोगे कारण असेल तर दोन दिवसांपर्यंत, मध्ये मध्ये मास्क काढून बोलू देण्याच्या अटीवर, आणि आजाराची उसळी असेल तर नाही, असे घातले. मुलीला वेळेचे बंधन न घालता जवळ थांबू द्यावे, ही विनंतीही लिहिली. ती कोणावर बंधनकारक नाही, पण लिहिलेली विनंती दाखवता येते. व्हेंटिलेटरची मुदत मी सात दिवसांवरून पाचांवर आणावी का, यावर चर्चा झाली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती आहे तशी ठेवली, कारण न्यूमोनियाला उतरायला तेवढा अवधी लागू शकतो. नव्या प्रतीवर पुन्हा दोन साक्षीदार आणि नोटरी झाली. या वेळी त्या बैठकीला मुलगा फोनवर होता आणि संपूर्ण मसुदा त्याला वाचून दाखवला. त्याने दोन ठिकाणी प्रश्न विचारले, ‘मी येईपर्यंत’ हे शब्द मात्र पुन्हा आले नाहीत.

एकाच माणसाचे दोन वेगळे निर्देश फिरत राहणे धोक्याचे, म्हणून जुन्या प्रती मुलीकडून, भावाकडून आणि डॉक्टरांकडून परत मागवून रद्द केल्या आणि नव्या दस्तात आधीचा निर्देश रद्द समजावा, असे तारखेसह लिहिले. स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडची प्रत बदलण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागणार आहे. तो लिहून तयार आहे, आणि पुढच्या आठवड्यात माझे पती तो स्वतः नेऊन देणार आहेत.